दोघांच्या घरात तिसरा



गिनी पिगची जोडी घरात येते ती बहुधा नातवंडाच्या हट्टापायी. वर्ष-दोन वर्षांत नातवंड शिक्षणासाठी नागपूरला किंवा पुण्याला निघून जाते आणि बैठकीतला तो पिंजरा आजी-आजोबांच्या वाट्याला येतो. आरंभी ओझे वाटणारी ही जोडी हळूहळू घराचे घड्याळ होऊन बसते. सकाळी फ्रीजचे दार उघडले, की पिंजऱ्यातून दोन बारीक शिट्ट्या ऐकू येतात. सांबाराची जुडी निवडायला घेतली, की चार डोळे आपल्या हाताकडे लागतात. ज्या घरात दिवसभर दोनच माणसे वावरतात, त्या घराला ही हाक मोलाची असते.

अशा घरात एके दिवशी तिसऱ्याचा विषय निघतो. कधी जोडीतला एक म्हातारा झालेला असतो आणि तो गेल्यावर मागे राहणाऱ्याचे काय, ही चिंता मनाला लागते. कधी शेजारचे कुटुंब बदलीच्या गावी जाताना आपला एकुलता गिनी पिग तुमच्या स्वाधीन करू पाहते. कारण कोणतेही असो, त्या संध्याकाळी एक चूक हमखास होते. नव्या पाहुण्याला थेट जुन्या पिंजऱ्यात सोडले जाते. ‘करतील आपसांत ओळख,’ असे म्हणून आपण चहाला बसतो. पेला रिकामा होण्यापूर्वी पिंजऱ्यात झटापट होते, एखाद्याचा कान फाटतो, आणि इतके दिवस गुण्यागोविंदाने राहिलेली जुनी जोडीही एकमेकांवर दात खाऊ लागते.

आजच्या लेखात सांगायचे ते एवढेच, की तिसऱ्याला सामावून घ्यायचे की नाही, हे ती जोडी ठरवते. जागा, वेळ आणि सावधपणा एवढेच आपल्या हाती असते. मात्र या तीन गोष्टी मनापासून दिल्या, तर निकाल पुष्कळदा आपल्या मनासारखा लागतो.

आधी विचार, मग पाहुणा

गिनी पिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला. नावात ‘पिग’ असले तरी डुकराशी त्याचे नाते नाही. तो उंदीर-खारींच्या कुळातला कृंतक प्राणी आहे. तेथील लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले. तो कळपाने राहणारा जीव आहे. एकटेपण त्याला मानवत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून कायद्यानेच गिनी पिग एकटा पाळण्यास मनाई आहे. तेव्हा जोडीतला एक थकत चालला असताना दुसऱ्यासाठी सोबत पाहून ठेवणे हे शहाणपणाचेच आहे.

पण तिसरा कोण, याचे उत्तर जोडीवर अवलंबून असते. दोन माद्या असतील तर तिसरी मादी, विशेषतः वयाने लहान, बहुधा सामावली जाते. शस्त्रक्रिया करून नसबंदी केलेला नरही माद्यांत शांतपणे नांदतो. मात्र शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे त्याला वेगळे ठेवावे, कारण त्या काळात त्याच्यापासून गर्भधारणा होऊ शकते. दोन नर गुण्यागोविंदाने राहत असतील, तर त्यांच्यात तिसरा नर आणण्याचा मोह टाळावा. त्यांचे जुळलेले सूर त्याने बहुधा बिघडतात. आणि दोन नरांमध्ये एक मादी कधीही सोडू नये. तिच्यापायी ते दोघे हाडवैरी होतात.

नर की मादी, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडू नका. लहान वयात ओळखण्यात चूक सहज होते आणि त्या चुकीची किंमत मोठी असते. मादी अवघ्या पाच-सहा आठवड्यांची असतानाही गाभण राहू शकते. पहिली वीण सहा-सात महिन्यांच्या वयानंतर आली, तर तोवर तिच्या कमरेचा सांधा घट्ट झालेला असतो आणि विणे जिवावर बेतू शकते. म्हणून नवा जीव घरी आणण्यापूर्वी पशुवैद्यांकडून खात्री करून घ्यावी. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी आणि शेळ्यांच्या उपचारांत गुंतलेले असतात. लहान प्राणी तपासले जातात का, हे आधी फोन करून विचारावे. अडचण आलीच तर साठ-बासष्ट किलोमीटरवर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

वीस दिवसांचा सोवळेपणा

पाहुणा घरी आला, की त्याला दोन ते तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. भांडी वेगळी, अंथरूण वेगळे, साफसफाईचा झाडू वेगळा. रोजचे काम करताना आधी जुन्या जोडीचे करा, मग नव्याचे, आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा. या काळात नाकातून पाणी येणे, सतत खाजवणे, केसांत टक्कल पडलेले गोल चट्टे, पातळ विष्ठा यांवर लक्ष ठेवा. स्वयंपाकघरातला वजनकाटा येथे फार उपयोगी पडतो. मोठ्या गिनी पिगचे वजन साधारण ७०० ते १,२०० ग्रॅम असते. दर आठवड्याला एकाच वारी, एकाच वेळी तिघांचे वजन करून वहीत लिहावे. आजार लपवणे हा या प्राण्याचा स्वभाव आहे. पण वजन खोटे बोलत नाही. ज्याने बारा तास काही खाल्ले नाही, त्याला उद्यावर न ढकलता वैद्यांकडे न्यावे.

हा सोवळेपणा केवळ प्राण्यांसाठी नाही, आपल्यासाठीही आहे. गिनी पिगच्या अंगावरचा गजकर्ण माणसाला होऊ शकतो. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांना स्टेरॉइड अथवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी हातमोजे घालावेत. दमेकऱ्यांनी वाळल्या गवताची धूळ टाळावी. पिंजरा झोपण्याच्या खोलीत नसावा आणि तो साफ करण्याचे काम दुसऱ्याने करावे.

एक सूचना तर पिंजऱ्यावर चिकटवून ठेवावी, अशी आहे. आपल्या औषधांच्या डब्यातली उरलेली अँटिबायोटिकची गोळी या प्राण्याला कधीही देऊ नका. माणसाला सहज चालणारी पेनिसिलीन वर्गातली औषधे, त्यात अमॉक्सिसिलीनही आले, पोटात गेली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि तो दगावू शकतो. ‘थोडीशी दिली तर काय होते’ हा विचार येथे जीव घेतो.

नजरभेट आणि भेट

तीन आठवडे निर्विघ्न गेले, की दोन्ही पिंजरे शेजारी ठेवावेत, मध्ये जाळी असावी. एकमेकांचा वास आणि आवाज ओळखीचा होऊ द्यावा. अंथरुणाचे फडके अधूनमधून अदलाबदल करावे. आठवडाभरात जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळ बसून खाणे सुरू झाले, तर ते शुभलक्षण समजावे.

मग प्रत्यक्ष भेट. ती तिघांपैकी कोणाच्याही मालकीची नसलेल्या जागी व्हावी. घरातली एखादी कोपऱ्यातली जागा, निदान चार फूट लांब आणि चार फूट रुंद, पुसून घ्यावी आणि भोवती आडोसा लावावा. मधोमध गवताचा मोठा ढीग, आणि तीन-चार ठिकाणी भाजी. लपण्यासाठी खोकी ठेवायची तर प्रत्येकाला दोन तोंडे हवीत. एकाच तोंडाच्या खोक्यात दुबळा कोंडला जातो. खोकी तिघांना तीन नव्हे, चार असावीत. भांडण बहुधा वस्तूवरून पेटते. मुबलकता असली की ते विझते.

ही भेट सकाळी करावी, घरात एखादे तरुण माणूस असताना. जाड टॉवेल आणि पत्र्याचे सूप हाताशी असू द्या. झटापट झाली तर मध्ये उघडा हात घालू नका. टॉवेल टाका किंवा सूप आडवे धरा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी ही सूचना विशेष महत्त्वाची आहे, कारण त्यांचा साधा चावाही पुष्कळ वेळ वाहतो. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आता धीराची कसोटी येते. पुढच्या तास-दोन तासांत आपल्याला बरेच काही भांडणासारखे वाटेल आणि ते भांडण नसेल. एकमेकांना हुंगणे, मागे लागणे, पाठीवर चढणे, कमरेला झोके देत घुमणे, केसांची चिमूट ओढणे, ही सारी थोरला कोण आणि धाकटा कोण, हे ठरवण्याची त्यांची रीत आहे. ती पुरी होऊ द्यावी. दर वेळी घाबरून त्यांना वेगळे केले, तर पुढच्या खेपेस सारे पहिल्यापासून सुरू होते.

धोक्याच्या खुणा मात्र वेगळ्या असतात. दोघेही समोरासमोर ताठ उभे, मानेवरचे केस फुललेले, दातांचा कटकट आवाज थांबतच नाही, आणि मग एकदम झेप. दोघे एकमेकांना घट्ट धरून लोळू लागले किंवा रक्त दिसले, की तत्काळ वेगळे करावे आणि काही आठवडे पुन्हा जाळीपलीकडची शेजारपणच चालू द्यावी.

तिघे शेजारी पसरून पेंगू लागले, की पहिली पायरी गाठली. तोवर जुना पिंजरा धुऊन, आतली मांडणी बदलून ठेवलेली असावी, म्हणजे तोही तिघांना सारखाच नवा वाटतो. तिघांसाठी सुमारे साडेदहा चौरस फूट जागा किमान समजावी. दुकानात मिळणारा छोटा पिंजरा पुरत नाही. पाण्याच्या बाटल्या दोन, खाण्याच्या जागा तीन. पहिल्या दोन-तीन रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे उठल्यावर एकदा डोकावावे. पूर्ण रुळायला काही दिवस ते काही आठवडे लागतात.

आपल्या मातीची पथ्ये

आपल्या भंडाऱ्यात एक पथ्य ऋतूचे. गिनी पिगला अठरा ते चोवीस अंश तापमान सुखाचे. अठ्ठावीस-तीस अंशांपलीकडे त्याला उष्माघाताचा धोका असतो, कारण त्याला घाम येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. भांडणाच्या धावपळीत अंग तापते, म्हणून चैत्र ते ज्येष्ठ या काळात नवी भेट घडवू नये. पावसाळ्याच्या ओलाव्यात त्वचेची बुरशी बळावते. धानाची कापणी आटोपते, त्या कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यात पिंजरा घरातल्या सर्वांत थंड खोलीत असावा. कुलरचा ओला झोत थेट अंगावर नको. वीज गेली तर थंड फरशीचा तुकडा किंवा फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आत ठेवावी. प्राणी निपचित पडून धापा टाकू लागला तर साध्या पाण्याने कान आणि पाय ओले करावेत, बर्फाचे पाणी ओतू नये, आणि लगेच वैद्य गाठावा.

दुसरे पथ्य अन्नाचे. गवत हे त्याचे मुख्य अन्न. ताजी हरळी त्याला आवडते आणि मानवते, मात्र फवारणी झालेल्या बांधीच्या धुऱ्यावरची आणू नये. धानाचे तणस अंथरायला चालेल, पोट भरायला नाही. गिनी पिगचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही, आपलेही करू शकत नाही. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिक या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगमध्ये स्कर्व्ही रोग दाखवून दिला, आणि त्या वाटेने पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागला. माणसाच्या आरोग्यावर या प्राण्याचे एवढे ऋण आहे. ते फेडायला रोज शिमला मिरचीची एक फोड आणि चार काड्या सांबार पुरे. नव्या ओळखीच्या ताणाच्या दिवसांत यात खंड पडू नये. पोळी, भात, बिस्कीट, बटाटा, कांदा, लसूण मात्र प्रेमापोटीही देऊ नयेत.

तिसरे पथ्य आपल्या हाडांचे. पडणे हा उतारवयातला मोठा धोका. मोकळा सोडलेला प्राणी पायात येतो, गवताच्या काड्यांवरून फरशीवर पाय घसरतो. तेव्हा भेटीच्या वेळी जमिनीवर बसू नये; आडोशाबाहेर खुर्ची टाकून पाहावे. एरवी पिंजरा कमरेइतक्या उंचीच्या भक्कम टेबलावर, उंच कडांचा असावा. घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असतील, तर त्यांच्या मांडीवर प्राणी देताना कोणीतरी शेजारी बसावे. स्पर्शाचा आनंद दोघांनाही मिळतो; पण हात सैल पडला तर इजाही होते, आणि ‘आज खायला दिले का’ हे विसरून चार वेळा दिले जाते.

नागझिऱ्याची तिसरी

नव्याला जुन्यांत आणण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच रानात झाला आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे; २०१३ मध्ये तो जाहीर झाला. तेथे वाघ कमी, म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या बाजूने २०२३ च्या मे महिन्यात दोन वाघिणी आणून सोडण्यात आल्या आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तिसरी. त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होते. सोडल्यावर त्या कुठे जातात, कुठे थांबतात, यावर वनखात्याची नजर होती. कोणत्या वाघिणीने कोणत्या पाणवठ्यावर राहावे, हे मात्र कोणी ठरवून दिले नाही, आणि देता येतही नव्हते. वाघीण असो की हातभर पिंजऱ्यातला गिनी पिग, नव्याला जागा द्यायची, दुरून लक्ष ठेवायचे आणि बाकीचे त्यांच्यावर सोडायचे, हा नियम एकच.

आणि सारे करूनही जमले नाही तर? तर तेही मान्य करावे. दोन पिंजरे शेजारी, मध्ये जाळी, हा पराभव नव्हे. जाळीपलीकडे कोणी आहे, हे कळणेसुद्धा एकट्या जीवाला आधार देते. पुढे जोडीतला एक गेला, की मागे राहिलेले दोघे कधी कधी त्याच जाळीशी बसून हळूहळू एकमेकांचे होतात.

एक अवघड गोष्ट शेवटी विचारतो. गिनी पिग पाच ते आठ वर्षे जगतो. आपण पंच्याहत्तरी ओलांडली असेल, तर आज आणलेला जीव आपल्यामागे कोणाकडे जाईल, हे आजच बोलून ठेवा. मुलाशी, सुनेशी, नातवाशी, शेजाऱ्यांशी. वजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव आणि पशुवैद्यांचा फोन लिहून ठेवा. हा विषय काढायला जड जातो खरा. पण ज्याचे खाणेपिणे आपल्या हातावर अवलंबून आहे, त्याला तो आपला शेवटचा घास असतो.

काळजीवाहकांनो, हे सारे वाचताना आपल्यालाही काही आठवले असेल. म्हाताऱ्या दांपत्याच्या घरात सेवेसाठी नवे माणूस येते, किंवा एकटी पडलेली बहीण कायमची राहायला येते, तेव्हाही आपण ‘करतील आपसांत ओळख’ म्हणून चहालाच बसतो. पहिल्या दिवसापासून तिने आजींच्या स्वयंपाकघरातले डबे हलवावेत आणि आजोबांच्या खुर्चीत बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे, दोन्ही बाजूंना. आधी थोडा वेळ, मग थोडी कामे. तिची स्वतःची खाट, स्वतःचा कोपरा, आणि जुन्यांच्या जागा जुन्यांनाच. पहिल्या कुरबुरीला घाबरून माणूस बदलू नये. पण खरी इजा होत असेल तर तिकडे डोळेझाकही करू नये.

येत्या हिवाळ्यात आपल्या घरी तिसरा येणार असेल, तर आज फक्त एक काम करा. एक जादा खोके शोधून त्याला दोन तोंडे कापून ठेवा. पाहुण्यासाठी जागा तयार आहे, हे आधी आपल्या मनाला कळले पाहिजे.

पुढील अंकी भेटूच. प्रकृती सांभाळा.